टाळूला चिकटलेलं टरफल

मी रिसोडच्या बाजारात एका आडत दुकानात माल पाहायला असतो. माल पाहणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. शेतकऱ्यानं पोतं सोडलं की मूठभर सोयाबीन तळहातावर घ्यायचं, फुंकर मारायची, रंग बघायचा आणि चार दाणे दाताखाली धरायचे. वाळलेला दाणा कटकन फुटतो. ओला दाणा फुटत नाही, दबतो. किती दबला त्यावरून मी ओल सांगतो. ओल मोजायचं मशीन आता दुकानात टेबलावरच असतं, पण शेतकरी मशीनकडे बघत नाही, माझ्या जबड्याकडे बघतो. "मिलिंदभाऊनं सांगतलं न, मंग झालं," असं म्हणतात आणि पोतं बांधायला घेतात. एकवीस वर्षं मी या एका वाक्यावर छाती फुगवून फिरलो.

तर अशा तोंडात काहीतरी उगवलं आणि तोंडाच्या मालकाला ते दोन महिने ओळखू आलं नाही.

मला पहिल्यांदा तपासणाऱ्या दातांच्या मॅडम म्हणाल्या, "बाजारात चार लोकांसमोर बोला." मी दिवसभर ओरडणारा माणूस, पण हातात माइक दिला की घाम फुटतो. म्हणून लिहून काढतो आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्यासारखं कोणी तोंड मिटून घरात बसलं असेल, तर त्यानं एवढं वाचावं आणि मग तोंड उघडावं.

टरफल

नवं सोयाबीन यायला लागलं तेव्हाची गोष्ट. हंगामात दिवसाला किती दाणे तोंडात जातात याचा हिशोब नसतो. टरफलं दातांत अडकतात, टाळूला चिकटतात. जीभ फिरवली की निघतात. एक टरफल मात्र निघेना. टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथं, जिभेचं टोक उलटं वळवलं की लागायचं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. मी चूळ भरली, गुळण्या केल्या, खाकरलो, एकदा तर ब्रशच्या दांडीनं खरवडलं. जरासं रक्त आलं, पण टरफल होतं तिथंच.

माझी जीभ दिवसभर तिथं जाऊन यायची. दाणा बघून आकडा सांगायचा आणि लगेच जीभ वर. धम्मचक्र दिन गेला, दिवाळी जवळ आली. एक दिवस पोत्यात हात घातलेला असताना डोक्यात आलं, की टरफल असतं तर एवढ्या दिवसांत कुजून निघून गेलं असतं. हे तर वाढून राहिलं आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी मोटरसायकल गोदामाच्या मागं नेली. आरसा वर फिरवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि आ केला. तांदळाच्या दाण्याएवढं पांढुरकं काहीतरी टाळूला लटकलं होतं. खाली बारीक देठ, वर बारीक बारीक टोकं, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी. जिभेनं ढकललं की ते हलायचं.

गोदामाच्या भिंतीला टेकून मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

सुदामभाऊ आणि माझं खोटं

घाबरायला कारण होतं. सुदामभाऊ आमच्याच दुकानात पोती तोलणारा मापारी होता. खर्रा आम्ही दोघं मिळून खायचो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, अर्धा त्याचा, अर्धा माझा. त्याच्या गालात जखम झाली, ती बरी होईना. मग ऑपरेशन, अर्धा जबडा काढला, शेवटी शेवटी नळीनं दूध. माझी गाठ दिसायच्या दोन वर्षं आधी तो गेला.

त्याची माती आटोपून मी घरी आलो, तर माझी बायको सुजाता दारातच उभी होती. अजून मी आंघोळही केली नव्हती. म्हणाली, "आज सोडा. माह्यासमोर सोडा." मी खिशातली पन्नी काढली आणि चुलीत टाकली. "सोडला," म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती गावातल्या अंगणवाडीची सेविका आहे, हलक्या काळजाची नाही, पण त्या दिवशी तिचे डोळे भरून आले होते.

मी आठ दिवस पाळलं. नवव्या दिवशी बाजारात कोणीतरी खर्रा घोटत होतं, त्या वासानं माझा हात आपोआप पुढं झाला. एक चिमूट, एवढंच. मग रोजची एक पन्नी. संध्याकाळी घरी निघताना नळावर तोंड धुवायचं, मूठभर बडीशेप चावायची आणि आमच्या गावी, केनवडला, साधूसंतासारखं उतरायचं. दोन वर्षं हे चाललं.

रविवारी विहारात आम्ही सगळे पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. या दोन्हीला माझा आवाज आपोआप खाली यायचा. माझी माय शेजारी बसते. तिला वाटायचं, बाजारात ओरडून पोराचा घसा बसला, म्हणून घरी आल्यावर मला हळदीचं दूध द्यायची. मी ते निमूटपणे प्यायचो.

आता लक्षात आलं असेल, मी ती गाठ कोणाला का दाखवली नाही. गाठ दाखवायची म्हणजे खर्रा दाखवायचा. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हा कॅन्सर आहे आणि सुदामभाऊच्या वाटेनंच मला जायचं आहे. तरी सुजातासमोर खोटं उघडं पडेल याची लाज त्या भीतीपेक्षा मोठी होती. आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं, पण तेव्हा खरंच तसं होतं.

चुना

आमच्याकडे चामखिळीला चुना लावतात. लहानपणी माझ्या मानेवर एक होती, ती मायनं चुना लावून लावून पाडली होती. खर्ऱ्याच्या चुन्याची ट्यूब तर माझ्या खिशातच असायची. एका दुपारी मी बोटावर चुना घेतला आणि टाळूला नेऊन टेकवला.

कोणी हे करू नका. हात जोडून सांगतो. टाळू भाजून निघाली. गाठ होती तशीच राहिली, आणि आजूबाजूची कातडी मात्र सोलून आली. पाणी प्यायलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. दाणा चावणं तर दूरच.

दुसऱ्या दिवशी मी मशीन पुढं ओढलं. गावाकडचे बाबुराव, सत्तरीचे शेतकरी, माझ्यासमोर माल घेऊन उभे. ते मशीनकडे बघतच राहिले.

"काहून बापा, आज मशीन? आमचा माल चावण्यालायक नाही काय?"

"नाही बाबा, दात दुखून राह्यला."

"मंग दाताच्या डॉक्टरकळे जाय. यंत्राचं काय खरं?"

मी हसलो, आणि टाळू चरचरली.

घरी भाकर आणि ठेचा. ठेच्यासाठी मी कधी नाही म्हटलेलं नाही. त्या संध्याकाळी मी भाकर ताकात कुस्करली आणि न चावता गिळायला लागलो. सुजाता समोर बसून बघत होती. अंगणवाडीत दिवसभर पोरांची तोंडं, नखं, डोळे बघणारी बाई. तिच्यापासून काय लपणार?

"काय झालं?"

"दात."

"कोणता? आ करा."

"जेवू दे ना वं."

"आ करा म्हणते न मी."

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. मी आ केला. तिनं उजेड टाळूवर इकडून तिकडून फिरवला. मग म्हणाली, "हे कधीपासून हाये?"

"आठ-पंधरा दिवस झाले."

"खरं सांगा."

"दोन महिने."

ती ओरडली नाही. टॉर्च तसाच चालू ठेवून खाली बसली. "दोन महिने," म्हणाली, "आन् मले आज दिसून राह्यलं."

डावी बाजू

दुसऱ्या दिवशी आम्ही रिसोडला दातांच्या मॅडमकडे गेलो. मॅडम तरुण आहेत, बोलणं सरळ. खुर्चीत बसवलं, वर दिवा लावला. आधी कागद भरायचा होता.

"तंबाखू, खर्रा, गुटखा?"

मी तोंड उघडायच्या आत सुजातानं उत्तर दिलं. "खर्रा खात होते. दोन वर्सं झाले सोडून. यांचा सोबती गेला, तवाच सोडला." तिच्या आवाजात अभिमान होता. मी वरच्या दिव्याकडे बघत राहिलो.

मॅडमनी बारीक आरसा तोंडात घातला. टाळू बघितली, जीभ उचलून बघितली, उजवा गाल ओढून बघितला. मग डावा गाल ओढला आणि हात थांबला. त्यांनी सुजाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी साधा ठेवून विचारलं,

"कोणत्या बाजूला ठेवता?"

‘ठेवत होता’ असं नाही विचारलं. ठेवता.

"डाव्या," मी म्हणालो.

सुजाता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मला वाटलं होतं, ती उठून बाहेर जाईल. ती गेली नाही.

मॅडमनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. टाळूची गाठ त्यांना विषाणूमुळे येणाऱ्या मोडासारखी वाटत होती. हातापायावर चामखीळ येते, त्यातलाच प्रकार, तोंडात आलेला. बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही, पण नुसत्या डोळ्यांनी बघून कोणी शंभर टक्के सांगू शकत नाही, म्हणून ती काढायची आणि तपासायची. चुन्याबद्दल त्यांनी मला असं झापलं की शाळेतल्या मास्तरांची आठवण झाली.

"पण मला काळजी दुसरीचीच आहे," म्हणाल्या आणि माझ्या हातात आरसा दिला. डाव्या गालाच्या आत, हिरडीजवळ, कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. रोज तिथंच खर्रा दाबून धरत होतो, आणि त्या जागेकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. दोन महिने सगळं लक्ष टाळूकडे.

एसटी स्टँडवर आम्ही एका बाकावर बसलो, मध्ये तिची पर्स. केनवडची गाडी लागली तशी ती माझ्या आधी चढली. घरी पोचून चप्पल काढताना म्हणाली, "दवाखान्यात मी तुमच्या संगं येईन. तुमच्याशी बोलाले मात्र मले वेळ लागन." पोरगी वाशिमला होस्टेलवर असते, तिला रिपोर्ट येईपर्यंत काही सांगायचं नाही, एवढं आमचं एकमत झालं.

दोन बाटल्या

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जायला पहिली गाडी धरली. मेडशी गेली, घाट गेला, सुजाता खिडकीतून बाहेर बघत होती. डबा मात्र तिनं माझ्यासाठी वेगळा केला होता. मऊ खिचडी, मिरची नाही.

सरकारी दवाखान्याचं एक आहे. आपण एकटेच दुःखी आहोत हा समज रांगेत पहिल्या अर्ध्या तासातच जातो. केसपेपरची रांग, मग तपासणीची रांग, मग रक्ताची. बाकावर शेजारी बाळापूरकडची एक बाई होती, नवऱ्याला घेऊन आलेली. तिनं थर्मासमधला चहा झाकणात ओतून सुजाताला दिला आणि विचारलं, "तुमचं काय?" सुजाता म्हणाली, "तोंडाचं." "आमचंही," ती म्हणाली. पुढं दोघी तास-दीड तास बोलत होत्या. माझ्याशी जे बोलायचं नव्हतं ते तिनं त्या बाईला सांगितलं असावं. मला बरं वाटलं, कोणाला तरी सांगितलं.

दुसऱ्या खेपेला गाठ काढली. टाळूत सुई टोचली तेवढंच दुखलं. त्यानंतर टाळू आपली नाहीच असं वाटायला लागलं. डॉक्टर तरुण होते, हात चालू ठेवून ते मला सोयाबीनबद्दल विचारत होते, आणि मी आ केलेल्या तोंडानं उत्तर देण्याचा प्रयत्न करत होतो. जळल्यासारखा वास आला. मला वाटलं आता खरं काम सुरू होणार, तर ते म्हणाले, "झालं."

डाव्या गालाचाही बारीकसा तुकडा घेतला. दोन छोट्या बाटल्या, आत पाणी, त्यावर माझं नाव. दोन महिने मला ज्यानं जाळलं ते एका बाटलीत तळाशी पडलं होतं, चिमटीत आलं नसतं एवढंसं. बाटल्या समोरच्या इमारतीत तपासणीला द्यायच्या होत्या. सिस्टरनी विचारलं, "नातेवाईक?" सुजाता पुढं झाली. दोन्ही हातांत एकेक बाटली धरून ती आवारातून निघाली, सावकाश, समोर बघत. खिडकीतून ते बघताना माझा धीर सुटला. माझं खोटंच ती हातात घेऊन चालली होती, सांडू नये म्हणून जपत.

मधले दिवस

रिपोर्टला दहा-बारा दिवस लागतील म्हणाले. टाळू लवकर भरून आली. दहीभात, केळी, गार दूध, आणि आठव्या दिवशी भाकरीचा मऊ तुकडा. शरीराचं सोपं होतं.

खर्रा आता खरोखर सोडला, ते मात्र सोपं नव्हतं. पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं, कोणावरही ओरडत होतो, हात सारखा खिशाकडे. बाजाराच्या ज्या दारावर पानठेला आहे ते दार सोडलं आणि मागच्या दारानं ये-जा सुरू केली. एकदा एका शेतकऱ्यावर उगाच खेकसलो, मग त्याच्या मागं जाऊन माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, आजारी हाये तुमी." म्हणजे सगळ्या बाजाराला कळलं होतं.

मायला आता सांगावंच लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिची पहिली तक्रार वेगळीच निघाली. "मले काहून नाही सांगतलं? घोळ्याच्या शेपटीचा केस बांधला असता त आपोआप गळून पडलं असतं."

"माय, टाळूले केस कसा बांधू? तोंडात घोळाच आणा लागला असता."

सुजाता चुलीपाशी होती. ती हसली. मग आपण माझ्याशी बोलत नाही हे तिला आठवलं आणि तिनं भाकर जोरात थापली. त्या अर्ध्या हसण्यावर मी दोन दिवस काढले.

बाकी वेळ भीतीच होती. विहारात बसलो की सुदामभाऊचा चेहरा समोर यायचा. दाणा चावताना वाटायचं, हा हंगाम शेवटचा असेल. पोरगी फोनवर विचारायची, "बाबा, आवाज असा काहून येते?" आणि मी घशावर ढकलायचो. खोटं बोलायची किती सवय झाली आहे, हे त्या फोनवर कळायचं.

रिपोर्ट

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. तेवढ्यात माझ्या पायाला घाम फुटला होता.

"टाळूची गाठ साधी. पॅपिलोमा म्हणतात. विषाणूमुळे येतो, कॅन्सर नाही. निघाली, विषय संपला. सहसा परत येत नाही, पण अधूनमधून बघत राहायचं."

सुजातानं डोळे मिटले.

"गालाच्या तुकड्यातही आज कॅन्सर नाही," ते म्हणाले, आणि आज या शब्दावर थांबले. "पण तंबाखूनं कातडी बदलायला लागली आहे. आता सोडलात तर बरीचशी सुधारते. नाही सोडलात तर पुढचं मी सांगू शकत नाही."

आणि खरं लिहायचं म्हणून लिहितो, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते ऐका. ज्याला मी एवढा घाबरलो, त्याचा खर्ऱ्याशी काही संबंधच नव्हता! माझ्या आतला वकील टुणकन उठून उभा राहिला. विषाणूचा गुन्हा, खर्रा निर्दोष. मी तोंडभर हसायला लागलो होतो.

सुजातानं विचारलं, "हा विषाणू आला कुठून?"

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "असे विषाणू माणसांत फिरत असतात, कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. कधी आला, कोणाकडून आला, हे शोधून सापडत नाही. त्यावरून घरात भांडू नका. ताट-वाटी वेगळी करायचीही गरज नाही."

तिनं रिपोर्टचा कागद पुढं ओढून पाहिला. मग म्हणाली, "डॉक्टर साहेब, थे टाळूचं झालंच नसतं तर?"

"तर हे इथं आले नसते. आणि गाल कोणी बघितला नसता."

माझ्या आतला वकील खाली बसला, तो आजपर्यंत उठलेला नाही.

परतीची गाडी मेडशीला थांबली तेव्हा सुजाता खाली उतरली आणि केळी घेऊन आली. एक सोलून माझ्या हातात दिलं. "घ्या, सकाळपासून उपाशी हाये." एवढंच. मला रडू आलं, आवरता येईना.

"रडू नका, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

लोक विचारतात

तेव्हापासून बाजारात मला कोणी ना कोणी बाजूला घेतं आणि हळूच तोंडातलं काहीतरी सांगतं. मी एवढंच म्हणतो. तोंडात न दुखणारा मोड आला, पांढरा असो की गुलाबी, तर तो कॅन्सरच असेल असं धरून चालू नका, आणि काही नसेल असंही धरून चालू नका. आरशात बघून ठरवायचा तो विषय नाही. दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवा. चुना लावू नका, दोरा बांधू नका, नखानं खुडू नका. आणि डॉक्टरनं आ करा म्हटलं की सगळं तोंड दाखवा, आपल्याला दाखवायची आहे तेवढी बाजू नव्हे. यातलं शेवटचं मी फार उशिरा शिकलो.

टॉर्च

रिपोर्टनंतर सुजाता माझ्याशी बोलायला लागली, पण एक नवीन नियम झाला. रोज संध्याकाळी मी हातपाय धुऊन आलो की ती टॉर्च घेऊन उभी. "आ करा." चमच्याच्या दांडीनं डावा गाल ओढायची, बघायची, वास घ्यायची, "हं" म्हणायची. पहिला महिना मी सहन केलं. मग एकदा भडकलो.

"मी काय तुया अंगणवाडीतला पोरगा हाये?"

"पोरं खोटं नाही बोलत," ती म्हणाली.

मी आ केला.

तीन महिन्यांनी गालाचा पांढरेपणा फिका झाला होता. सहा महिन्यांनी मॅडमनी आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, "शोधा बघू." सापडलं नाही. टाळूवर तर खूणही नाही. बाजारात बाबुराव माझ्या हातावर मूठभर तूर ठेवून म्हणाले, "चाव बापा आता. मशीन कटाळलं आमाले." मी चावली. दाणा कटकन फुटला आणि म्हातारा जिंकल्यासारखा हसला.

तरी टॉर्च चालूच होता. मी तक्रार सोडून दिली होती.

मग गेल्या महिन्यात एक दिवस दुकानात नवा मापारी आला. त्याला माझी गोष्ट माहीत नव्हती. त्यानं ताजा घोटलेला खर्रा माझ्या हातात ठेवला. तोच वास. मी पन्नी घेतली. मूठ बंद केली. गोदामाच्या मागं गेलो, जिथं आरशात बघितलं होतं तिथंच, आणि किती तरी वेळ उभा राहिलो. एक चिमूट तोंडात टाकली असती तर कोणाला कळलं असतं? नळ होता, बडीशेप होती, रस्ता पाठ होता.

पन्नी तशीच खिशात घालून मी घरी आलो. हातपाय धुतले. सुजाता टॉर्च घेऊन आली. तिनं काही म्हणायच्या आत मी पन्नी काढून तिच्या हातावर ठेवली.

"आज घेतला व्हता. तोंडात नाही टाकला."

ती पन्नीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी आ केला आणि डावा गाल स्वतःच्याच बोटानं ओढून धरला. उजेड पडायची वाट बघत होतो.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी सांगतलं न, मंग झालं."

तिनं पन्नी चुलीत टाकली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. टॉर्च तिनं न लावताच फडताळावर ठेवून दिला होता, आणि मी दारात गाल ओढून, तोंड उघडं ठेवून उभा होतो.